चार मिलिमीटर

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी मी एका चांगल्या, नव्याकोऱ्या गाडीचं छप्पर करवतीने कापून वेगळं केलं. गाडी आठ इंच लांबीची होती, प्लॅस्टिकची होती आणि माझीच होती. तरी करवतीचा पहिला दात टेकवताना हात थरथरला, हे कबूल करतो. आमच्या धंद्यात कंट्रोल-झेड असतं. काहीही मोडा, कालची प्रत कुठल्यातरी सर्व्हरवर असतेच. इथे तसलं काही नाही. कापलं की कापलं.

"काय करतोयस?" अण्णांनी विचारलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. सकाळचा चहा घेऊन ते गॅलरीत पेपर वाचत बसतात, आणि माझं टेबलही तिथेच आहे, कारण प्लॅस्टिकचा भुसा आणि गोंदाचा वास घरात आणायला बायकोची सक्त मनाई आहे.

"छप्पर कापतोय."

"का? टप फुटलाय?"

"नाही."

"मग?"

"खाली घ्यायचाय. चार मिलिमीटर."

अण्णांनी चष्म्यावरून गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "चांगल्या गाडीचा?" एवढंच म्हणाले आणि पेपरात परत गेले.

आता हा प्रश्न मला का लागला ते सांगायला हवं. अण्णांनी ३८ वर्षं साताऱ्यात पोवई नाक्याजवळ डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवलं. गॅरेज म्हणजे पुढे पत्र्याची शेड, मागे कंप्रेसर आणि एक पाण्याची टाकी. आधी फियाट आणि अँबेसेडर, मग मारुती आठशे आणि ओम्नी, शेवटी शेवटी बंपरसकट प्लॅस्टिकच्या झालेल्या गाड्या. लोक चेपलेली गाडी घेऊन यायचे, अण्णा पोचे काढायचे, लांबी भरायचे, घासायचे, रंग मारायचे. गाडी परत नेताना गिऱ्हाईक दाराभोवती फिरून फिरून बघायचं आणि त्याला जागा सापडली नाही की अण्णा खूश. चांगलं काम झालं की ते दिसत नाही, आणि दिसलं की पैसे कापले जातात, असा तो धंदा. मी सुट्टीत तिथे बादलीत वॉटर पेपर भिजवून द्यायचो. पुढे इंजिनीअरिंगच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'व्यवसाय' एवढंच लिहिलं. खोटं नव्हतं ते. पण खरंही किती होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी कमरेने दगा दिला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, अण्णांनी शेड विकली आणि आई-अण्णा आमच्याकडे पुण्याला आले. सातवा मजला. आईला सोसायटीत चार दिवसांत मैत्रिणी मिळाल्या. अण्णा गॅलरीतून खाली पार्किंगकडे बघत बसायचे. एकदा म्हणाले, "ती सिल्व्हर गाडी दिसते का? मागचं दार नंतर रंगवलंय." सातव्या मजल्यावरून! मी खाली जाऊन जवळून बघितलं तरी मला काही कळलं नाही. मालकाला विचारलं, तर तो म्हणाला हो, गेल्या वर्षी एका टेम्पोने घासलं होतं, पण तुम्हाला कसं कळलं? "ऑपरेशननंतर जरा जास्तच दिसायला लागलंय," अण्णा म्हणाले. तक्रारीच्या सुरात.

तर अशा माणसासमोर मी धडधाकट गाडी कापत होतो.

जरा इतिहास सांगतो, कारण अण्णांनाही तो सांगावा लागला. महायुद्धानंतरच्या वर्षांत कॅलिफोर्नियात तरुण पोरांना गाड्या बदलण्याचं वेड लागलं. इंजिन वगैरे वेगळं, मी बोलतोय ते अंगाबद्दल, म्हणजे पत्र्याबद्दल. छप्पर खाली घ्यायचं, त्याला टॉप चॉप म्हणतात. दारांच्या मुठी, कंपनीची नावं, नक्षीच्या पट्ट्या काढून टाकून भोकं बुजवायची, हे शेव्हिंग. हेडलाइटची कडी काढून दिवा मडगार्डच्या आत बसवायचा, ते फ्रेंचिंग. या सगळ्यासाठी सगळ्यात लाडकी गाडी म्हणजे १९४९ ते ५१ या काळातली मर्क्युरी. फोर्डचीच भावंडं. गोल, जाडजूड, गुळगुळीत आणि उंच टोपी घातल्यासारखी. ती टोपी दाबली की तीच गाडी एकदम मांजरासारखी दबा धरून बसल्यासारखी दिसते. त्या वेळी सांधे वितळवलेल्या शिशाने भरत, म्हणून अशा गाड्यांना 'लेड स्लेड' म्हणजे शिशाची घसरगाडी असं नाव पडलं.

यातली सर्वांत गाजलेली गाडी मासातो हिरोहाता नावाच्या तरुणाची. १९५२ मध्ये त्याने आपली १९५१ ची मर्क्युरी लॉस एंजेलिसजवळच्या बॅरिस बंधूंच्या गॅरेजात दिली. त्यांनी छप्पर पुढून चार इंच आणि मागून सात इंच उतरवलं. १९५९ मध्ये हीच गाडी एका शाळकरी मुलाने ५०० डॉलरला विकत घेतली. आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लिलावात जवळजवळ २० लाख डॉलरला गेली.

"शिसं मी बघितलंय," अण्णा म्हणाले. २० लाख डॉलरवर काहीच नाही, शिशावर मात्र पेपर खाली आला. "माझे उस्ताद भरायचे. लाकडी फळीला तेल लावून त्या फळीने फिरवायचे, लोण्यासारखं. लांबी आल्यावर बंद झालं. शिशावर रंग उखडत नसे कधी."

ही पहिली फट. पण तेवढ्याने काही दार उघडलं नाही. ते परत पेपरात.

माझा किट एएमटी कंपनीचा, १९४९ मर्क्युरी, मापाने खऱ्या गाडीच्या एक पंचविसांश. अमेरिकेहून येणाऱ्या मित्राच्या बॅगेतून आला. रंगाचे स्प्रे डबे विमानात चालत नाहीत, म्हणून ते इथलेच, म्हणजे नाना पेठेतून. चार इंच भागिले पंचवीस, म्हणजे चार मिलिमीटर आणि थोडं. मी सगळ्या पिलरवर मास्किंग टेपच्या दोन समांतर कडा लावून घेतल्या होत्या, मधलं अंतर चार मिलिमीटर, आणि कडेकडेने करवत चालवली. बारीक दात्यांच्या करवतीने अर्धा तास लागला. साधी हॅक्सॉ ब्लेड वापरू नका, ती स्वतःच एक मिलिमीटर खाते, म्हणजे खऱ्या गाडीत एक इंच!

मधल्या चकत्या काढून टाकल्या, छप्पर खाली ठेवलं, आणि लक्षात आलं की ते बसत नाहीये.

का बसेल? पुढच्या काचेचे पिलर मागे झुकलेले असतात. मागच्या काचेचे पुढे झुकलेले. छप्पर सरळ खाली आलं की त्याचे पाय बुंध्यावर न येता आतल्या बाजूला येतात. पुढे दोन मिलिमीटर, मागे तीनच्या वर, कारण मर्क्युरीची पाठ फारच उतरती आहे. शिवाय पिलर वरती जाताना आतही कललेले असतात, म्हणजे रुंदीतही गडबड. हे सगळं दहावीच्या भूमितीत येतं. मी रीतसर इंजिनीअर आहे. मी लॅपटॉप आणला, फोटोवरून कोन मोजले, एक्सेलमध्ये टॅन थीटाचा तक्ता केला. तक्त्याने मला सांगितलं की छप्पर बसत नाहीये.

दुपारी जेवून आलो तर टेबलावर पेपराची एक कापलेली पट्टी होती. गाडीचा कडेने दिसणारा आकार, वरचा भाग कात्रीने वेगळा केलेला. अण्णांनी तो वरचा तुकडा बोटाने खाली सरकवून दाखवला. टोकं आत आली. मग त्यांनी टपाचा कागद मधोमध फाडला आणि दोन तुकडे एक पुढे, एक मागे ओढले. टोकं बुंध्यावर आली. मध्ये फट राहिली.

"टप मधनं काप. फटीत पत्रा घाल," म्हणाले आणि आडवे व्हायला गेले.

नंतर मला नेटवर एका अमेरिकन म्हाताऱ्याचा व्हिडिओ सापडला, त्यातही हीच युक्ती आहे. जगभर छप्पर असंच उतरवतात. पण अण्णांनी जन्मात कधी छप्पर उतरवलं नव्हतं. उलटलेल्या जीपचे टप मात्र बरेच वर उचलले होते.

फटीत घालायला 'पत्रा' हवा, तोही त्याच जातीचा. किटचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. जुन्या सीडींची पारदर्शक कव्हरंही पॉलिस्टायरीनचीच, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? माझ्याकडे गाण्यांच्या सीडींचा एक अख्खा खोका माळ्यावर पडून होता. त्यातल्या एका कव्हराची पट्टी मर्क्युरीच्या टपात गेली. (ठिसूळ असतं, वाकवायला जाऊ नका, फक्त ओरखडा मारून सरळ तोडा.) गोंद म्हणजे खरा गोंद नव्हे, पाण्यासारखा पातळ द्रव असतो. ब्रशने फटीला टेकवला की आपणहून आत ओढला जातो, दोन्ही कडा विरघळवतो आणि मग उडून जातो. मागे राहतं ते एकच प्लॅस्टिक. चिकटवलेलं नव्हे, एकजीव झालेलं.

"म्हणजे वेल्डिंगच की," अण्णा म्हणाले. हे त्यांना आवडलं. त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा गाडी हातात घेतली.

पुढचे तीन वीकएंड मजेत गेले. शुक्रवारी रात्री डिप्लॉयमेंट नसलं की शनिवारी सकाळी आठला आम्ही दोघं गॅलरीत. पिलर जुळवले, मागची काच तिच्या चौकटीसकट वेगळी कापून आडवी झोपवली, टपाचे अर्धे जोडले. दारांच्या मुठी मी घासून काढल्या तेव्हा अण्णांनी विचारलं, "मग दार उघडायचं कसं?" खऱ्या गाड्यांत विजेवर चालणारी कळ असते आणि बटण कुठेतरी खाली लपवलेलं असतं, असं सांगितलं. "आणि बॅटरी उतरली की?" याचं उत्तर कॅलिफोर्नियाकडेही नसावं.

मग मार्चमधला तो गुरुवार.

मी ऑफिसातून रात्री नऊला आलो. रिलीजचा आठवडा, डोकं आउट. गॅलरीत दिवा लावला आणि बघितलं तर मर्क्युरीचा टप पांढरट, खरखरीत, आणि त्यावर बनियनचे धागे चिकटलेले. जवळून पाहिलं तर सुकलेल्या तळ्याच्या तळाला पडतात तशा बारीक भेगा. पुढच्या डाव्या पिलरचा सांधा मऊ पडून सरकला होता. बाजूला थिनरची बाटली, नीट झाकण लावलेली, आणि घडी केलेलं फडकं.

अण्णांनी लांबी भरण्यापूर्वी पृष्ठभाग पुसून घेतला होता. ३८ वर्षं पुसत आले तसा. पत्र्यावर हाताचं तेल राहिलं तर वरचा थर धरत नाही, म्हणून आधी थिनरने पुसायचं, हे मी लहानपणी त्यांच्याचकडून ऐकलेलं. मी शनिवारी लांबी भरणार आहे असं म्हणालो होतो, तर माझा वेळ वाचावा म्हणून त्यांनी तयारी करून ठेवली. पण गॅरेजातलं थिनर म्हणजे टोल्युइन आणि ॲसिटोनच्या जातीची रसायनं. पत्र्याला त्याचं काही नाही. पॉलिस्टायरीन त्यात विरघळतं. हे प्लॅस्टिक साबणाच्या कोमट पाण्याने धुवायचं असतं, फार तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. हे मला माहीत होतं. मी त्यांना सांगितलं नव्हतं. थिनरची बाटली टेबलाखाली मीच ठेवली होती, ब्रश धुवायला.

यातलं काही तेव्हा माझ्या तोंडातून आलं नाही. मी म्हणालो, "अण्णा, हा पत्रा नाहीये! विचारायचं तरी! कोणी सांगितलं होतं हात लावायला?"

आवाज चढला होता. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. अण्णांनी काही उत्तर दिलं नाही. गॅलरीत आले, टपाकडे जरा वेळ पाहिलं, करंगळी फिरवून बघितली, फडकं उचललं, बेसिनवर जाऊन धुतलं, पिळलं आणि दोरीवर वाळत घातलं. दुसऱ्या दिवसापासून ते पेपर हॉलमध्ये वाचायला लागले.

दोन शनिवार गेले. गाडी खोक्यात. माफी मागावी असं वाटत होतं, पण आमच्याकडे माफी मागायची पद्धत नाही. आमच्याकडे "चहा घेणार का?" असं विचारतात. विचारला. घेतलाही. पण हॉलमध्येच. आईने एकदा मला एकट्याला गाठून सांगितलं, "त्यांच्या कामाला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं." बस. एवढंच.

शेवटी एका रविवारी रात्री अकराला मी खोका उघडला. किट नवीन मागवणं सोपं होतं, मनात तेच चाललं होतं. पण तो टप टाकून द्यायचा म्हणजे कागदाची ती पट्टीही टाकून द्यायची, असं काहीतरी वाटलं. मऊ झालेलं प्लॅस्टिक एव्हाना पुन्हा कडक झालं होतं. धागे घासून काढले, सरकलेला पिलर कापून परत जोडला, आणि भेगांवर लांबी भरायला घेतली. गाड्यांचीच दोन भागांची लांबी, डबा आणि हार्डनरची ट्यूब. मॉडेलवाल्यांची ट्यूबमधली एका भागाची पुट्टी असते, ती सुकताना आक्रसते आणि महिन्याभराने सांधा परत दिसायला लागतो. दोन भागांची रसायनाने घट्ट होते, आक्रसत नाही म्हटलं तरी चालेल.

फक्त हार्डनर किती घालायचा, हा प्रश्न असतो. मी घातला. मिसळेपर्यंत लांबी कागदावरच दगड झाली. दुसऱ्यांदा घातला. तीन बोटं फिरवली, तेवढ्यात दगड. तिसऱ्यांदा मिसळत होतो तेव्हा मागून आवाज आला.

"रंग बघ. फार गुलाबी झालाय."

लांबीचा वास हॉलपर्यंत गेला होता. तो गोडसर, नाकात चढणारा वास. माझं सगळं लहानपण त्या वासाचं आहे. हा वास स्टायरीनचा असतो. लांबीतली राळ स्टायरीनमध्येच विरघळवलेली असते, आणि ज्या प्लॅस्टिकची माझी गाडी बनली आहे ते याच स्टायरीनचं. म्हणून ही लांबी प्लॅस्टिकला इतकी घट्ट धरते. मी हे त्या रात्री अण्णांना सांगितलं, इतर काही सुचत नव्हतं म्हणून. त्यांनी मान हलवली, लुंगी सावरून स्टूल ओढलं आणि म्हणाले, "सरक."

त्यांनी फरशीच्या एका उरलेल्या तुकड्यावर लिंबाएवढी लांबी घेतली, मग ती बोटाने अर्धी केली, मग पावली केली. हार्डनर तांदळाच्या दाण्याएवढा. माझं मुदत संपलेलं क्रेडिट कार्ड कात्रीने कापून अंगठ्याच्या नखाएवढी पट्टी केली. आणि एक हात मारला. एकच. पुढून मागे, टपाच्या गोलाईवरून, दाब सुरुवातीला जास्त आणि शेवटी नाहीच. मी तीनदा मारला असता आणि तिसऱ्यांदा सगळं उकरून काढलं असतं.

"लांबी भरायची नसते," म्हणाले, "लांबी उरवायची असते."

घासायला खोडरबराचा तुकडा, त्यावर ३२० चा वॉटर पेपर, मग ६००. नुसत्या बोटाने घासलं की बोटाच्या आकाराचे खड्डे पडतात, म्हणून मध्ये काहीतरी सपाट हवं. मग ग्रे प्रायमर. मग त्यांची जुनी चाल, काळ्या रंगाचा लांबून अगदी विरळ शिडकावा. हलकं घासलं की उंचवट्यावरचं काळं निघून जातं, खड्ड्यात राहतं. नकाशाच तयार होतो. पहिल्या फेरीत आमच्या टपावर एवढी काळी बेटं होती की मी हसलो. चौथ्या फेरीत दोन राहिली. गॅरेजात ते पृष्ठभागावर तळवा फिरवून बघायचे, डोळे मिटून. इथे तळवा टपापेक्षा मोठा. म्हणून करंगळीचं टोक. डोळे मात्र तसेच मिटलेले. "इथं," म्हणायचे. मला काही लागायचं नाही. काळा शिडकावा मारला की तिथेच बेट.

एकदा मी त्यांना थरांचा हिशेब सांगितला. प्रायमर, रंग, लॅकर मिळून एक दशांश मिलिमीटर झाला, तरी गाडीच्या मापाने तो अडीच मिलिमीटर होतो. खऱ्या गाडीवर अडीच मिलिमीटर जाड रंग असता तर दारांच्या फटी बुजल्या असत्या. म्हणून थर पातळ हवेत आणि मारण्याआधी दाराच्या रेघा सुईने खोल कोरून घ्यायला हव्यात. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे माझा हात जड आहे." ते दुखावले असं मला वाटलं. पण ते जुन्या वर्तमानपत्रावर डबा धरून सराव करत होते, किती लांबून मारलं की कागद जेमतेम ओला होतो ते. त्या दिवशी अख्खा पेपर राखाडी झाला, आणि आईचं शब्दकोडंही.

काचेचं काम मी एकट्याने केलं. किटच्या काचा आता चार मिलिमीटरने उंच होत होत्या. शर्टाच्या खोक्याचं पारदर्शक झाकण कापून नवीन घातल्या. हेडलाइट आत घेतले, पेनाच्या टोपणाच्या दोन चकत्या कापून. बरे झालेत. फार काही सांगण्यासारखं नाही त्यात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी पूर्ण प्रायमरमध्ये आली. एका रंगाची, राखाडी, कुठेही सांधा नाही. नाना पेठेतून गर्द मरून रंग १०० मिलिलिटर मिसळून आणला. त्याखालचा प्रायमर म्हणजे प्लॅस्टिकला कवच, आणि पहिले दोन हात कोरडेच मारायचे, कारण याही रंगात तेच थिनर आहे. हे आता अण्णा मला सांगतात. आणि मी सगळी तयारी करून बसलो, तर म्हणाले, पावसात रंग मारायचा नाही. लॅकर सुकताना थंड होतं, हवेतलं दमट त्यावर बसतं आणि रंग पांढरा पडतो. साताऱ्याच्या पावसात त्यांनी हे पुरेसं भोगलंय. "दसऱ्यानंतर बघू."

तर सध्या गाडी स्टीलच्या एका उभ्या डब्यात, फ्रिजवर आहे. डबा आईचा, शेवचिवड्याचा. आतला वेगळाच वाद चालू आहे.

परवा मी गाडी उलटी करून बघत होतो. बाहेरून काही कळत नाही, पण टप आतून बघितला तर सगळं तिथे आहे. सीडीच्या कव्हराची चकाकणारी आडवी पट्टी, चारही पिलरचे सांधे, थिनरने खाल्लेल्या जागी आतपर्यंत उतरलेली लांबी, तिच्यावर अण्णांच्या बोटाचा ठसा. माझ्या मनात आलं की आतून रंग मारायचाच नाही. आहे तसंच ठेवायचं. कोणी गाडी उचलून उलटी केली तर त्याला दिसू दे.

अण्णांना अजिबात पटलेलं नाही. "टपाच्या आत कापड लागतं. कापडाच्या आत काय आहे ते कोणाला दाखवायचं नसतं."

"मला दाखवायचंय."

"कोणाला?"

मी म्हणालो, ऑफिसात डेस्कवर ठेवणार आहे. कोणी विचारलं तर सांगीन, टप माझ्या वडिलांनी केलाय, डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं त्यांचं.

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठले, फ्रिजवरचा डबा काढला, गाडी उलटी केली, खिडकीच्या उजेडात धरली. आणि मग म्हणाले, दाखवायचंच असेल तर आतून ६०० चा एक हात तरी मारू दे, असं खरबरीत बरं दिसत नाही.

मी नाही म्हटलंय. तो ठसा जाईल. ते म्हणतात, ठशाचं काय एवढं. दसरा अजून लांब आहे.